बसायला आलेली माणसं

मारोतराव निखारे गेल्याला चार दिवस झाले, तरी त्यांच्या दारात परक्या चपलांचा एक जोडही सुटला नव्हता.

तीस वर्षं हा माणूस हातमागपुऱ्यातल्या प्रत्येक दुःखाच्या घरी जाऊन बसला होता. त्याच्याच घरी बसायला कुणी येत नव्हतं. दर्शना रोज सकाळी समोरच्या खोलीत सतरंजी झटकून अंथरायची आणि दिवेलागणीला तिची घडी घालायची. झटकण्याजोगं तिच्यावर काही पडलेलं नसायचं. दहाच्या सुमारास आवाराच्या भिंतीवर डबा ठेवलेला असे. ठेवणारं माणूस दिसत नसे. पिठल्यातल्या लसणावरून तो शेवंताकाकूंचा आहे हे तिला कळे, इतकंच.

आतल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ हर्षल छातीवर फोन ठेवून पडला होता.

“पारा किती?” त्याने छताकडे पाहत विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर.”

“सकाळी चौऱ्याहत्तर होता ना?”

“हो.”

“बघ. गॅरेजमध्ये सहा वर्षं घासलो, कोणी नाव नाही विचारलं. आता मुंबईत बसून लोकं माझा पारा पाहून राहिले.”

पारा हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदांत त्याला उद्रेक निर्देशांक म्हणत. त्यामागचं शास्त्र साधं होतं आणि बऱ्याच अंशी खरंही. हिंसा साथीच्या रोगासारखी पसरते. एका माणसावर वार झाला की त्याच्या जवळच्यांत सुडाची शक्यता एकदम वर जाते, साधारण चौदा दिवस टिकते आणि मग उतरू लागते. हे चौदा दिवस निभावले तर साखळी तुटते. पूर्वी कुठल्या घरावर लक्ष ठेवायचं हे जाणत्या माणसांना अंदाजाने ठरवावं लागे. आता ते काम फोन करत होते. मालक किती झोपतो, कुठे जातो, कुणाजवळ किती वेळ थांबतो, त्याच्या आवाजात किती ताण आहे, एवढंच फोन टिपे. शब्द टिपत नसे आणि दुसऱ्याचा आवाज तर मुळीच नाही. त्यावरून शासनाचा शांतता अनुदान कक्ष घराघराला शून्य ते शंभरमधला आकडा देई. वस्तीतल्या शेजार मंडळाने तो आकडा चौदा दिवसांत खाली आणला, की मंडळाचं अनुदान पुढच्या वर्षी चालू राही.

दर्शना हातमागपुऱ्याच्या मंडळाची सचिव होती. वस्तीतल्या प्रत्येकाने फोन जवळ बाळगायची अट तिनेच घरोघरी समजावून सांगितली होती आणि सह्या घेतल्या होत्या.

पण यंत्र शिकलं ते जुन्या नोंदींवरून, आणि तिथेच चूक झाली होती. आठ वर्षांच्या नोंदींत त्याला दिसलं, की ज्या घरी बाहेरची माणसं येऊन बसतात, त्याच घरांतून पुढे वार होण्याचं प्रमाण जास्त आहे. मारोतरावांसारखी माणसं सगळ्यात धोक्याच्या घरी आधी जात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने बसणाऱ्यांनाच धोका ठरवलं. त्यातून ‘गर्दीविराम’ नावाची सूचना निघाली: सत्तरच्या वर पारा असलेल्या घरी कुणी जाऊ नये. गेलं तर त्या घराचा पारा चढे आणि जाणाऱ्याच्या घराचाही. नव्वदच्या वर गेला की त्या घरच्या तरण्या माणसाला नव्वद दिवस दक्षता निवासात ठेवत. तो तुरुंग नव्हता. फक्त बाहेर येता येत नसे.

“जिथं आग लागते तिथं बंब दिसतेच,” मारोतराव कक्षाच्या नागपुरातल्या बैठकीत उभं राहून म्हणाले होते. “तुमचं मशीन म्हणते, बंबच बंद करा.”

सगळे हसले होते. इतिवृत्तात ‘सूचना नोंदवली’ असं आलं होतं.

मग एका दुपारी पानठेल्यावर शेजारच्या खदानपार वस्तीतल्या विक्कीने तिसऱ्याच कुणावर चाकू उगारला आणि मारोतराव सवयीने मधे गेले. वार त्यांनाच बसला. विक्की आता तुरुंगात होता. त्याचा थोरला भाऊ सोनू बाहेर होता. मारोतराव गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी हर्षलला फोनवर सांगितलं, की सोनू ठेल्यावर हसत होता. कशावर हसत होता, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. हर्षलला तेवढं पुरलं. तो भांडला नाही, ओरडला नाही. तो फक्त झोपायचा थांबला.

दर्शनाला एकच गोष्ट हवी होती. बाप गेला, भाऊ जाऊ नये.

पाचव्या दिवशी ती स्वतःचा फोन उशीखाली ठेवून शेवंताकाकूंकडे गेली. काकू परातीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डबा नेऊन राहिली ना?”

“डब्याने काय होते, काकू? तुम्ही या.”

“येऊ नाही वाटत का मले? मागच्या साली मोहाडीकराकडे बसायले गेली होती, तर इकडे माझ्या नातवाचा पारा चढला. पोरगं कॉलेजात, त्याले काय माहीत? पोलीस दारात. तुझ्या बापानं सोडवला.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “अन् सही तूच घेतली होती माझी. विसरली का?”

“नाही विसरली.”

दर्शना त्यांच्या समोर खाली बसली. मग म्हणाली, “फोन घरी ठेवून या.”

काकूंचा हात थांबला. “अन् मशीनले काय दिसन?”

“तुम्ही घरी झोपल्या आहात असं.”

“दुपारची झोपलेलीच असते मी. त्याले शंका नाही येणार.” त्यांनी परात बाजूला सारली. “पण तू सचिव आहेस, पोरी. हे तू सांगून राहिली मले?”

“हो. मीच सांगून राहिली.”

त्या दुपारी काकू आल्या, आणखी तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी बारा जण आले. ज्याच्याजवळ फोन नाही, तो यंत्राच्या लेखी त्या खोलीत नसतोच. सतरंजी कमी पडली तेव्हा माणसं ओट्यावर बसली. कुणी काही बोलत नव्हतं. मारोतरावांची रीतच तशी होती. ते कुणाचं सांत्वन करत नसत. उंबऱ्याला पाठ टेकून, दारात आडवे पाय पसरून बसत. बाहेर जायचं तर म्हाताऱ्या माणसाचे पाय ओलांडावे लागत, आणि हातमागपुऱ्यात कितीही बिघडलेला पोरगा वडीलधाऱ्याचे पाय ओलांडत नसे. त्याला “पाय घ्या” म्हणून विनंती करावी लागे. चाकू कमरेला लावून विनंती करणं अवघड असतं, असं ते म्हणत.

सातव्या दिवशी दुपारी हर्षल आतून बाहेर आला. अंगात बापाचा जाड सदरा होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खोलीतल्या सगळ्यांना काय ते समजलं. दर्शना उठू लागली, तर शेजारच्या बाईने तिचा हात दाबून धरला.

दारात शेवंताकाकू पाय पसरून बसल्या होत्या.

“काकू, पाय घ्या.”

“गुडघे धरले रे. थांब जरा.”

“काकू, मले जायचं आहे.”

“जाशीन ना. कोण अडवते?” काकूंनी गुडघे चोळायला सुरुवात केली. “माझा धाकटा दिनेश गेला तेव्हा तुझा बाप असाच बसला होता माझ्या उंबऱ्यात. सकाळी नऊला बसला तो उठेचना. माझा मोठा घरात चकरा मारून राहिला होता, हातात सळई. दुपारी तीनला तुझा बाप म्हणते, वहिनी, लघवीले जाऊन येतो. तो उठला अन् मी म्हटलं, आता हा पोरगा पळते. पाहते तर काय, मोठा भिंतीला टेकून घोरत होता.”

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“पाय घ्या ना, काकू.”

“घेते रे बाप्पा. एक पाय घेतला तर दुसरा येत नाही.”

हर्षल उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घाम कानामागून सदऱ्यात उतरत होता. मग तो तिथेच, काकूंच्या पायांशी, खाली बसला. बसताना कमरेचं काहीतरी फरशीवर वाजलं. कुणी तिकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाबांचा चष्मा अजून पोलिसांजवळच आहे.”

बाप गेल्यापासून बापाबद्दल त्याने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

“आणू,” ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला. “उद्या जाऊन आणू.”

त्या रात्री हर्षल सहा तास झोपला. फोनने ती झोप इमानेइतबारे टिपली. दहाव्या दिवशी पारा पंचावन्न झाला. चौदाव्या दिवशी एकतीस.

सोळाव्या दिवशी शांतता अनुदान कक्षाच्या मूल्यमापन अधिकारी रेवती साठ्ये आल्या. पुण्याच्या होत्या, पन्नाशीच्या, आणि मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मारोतरावांच्या फोटोला हात जोडले. मग टॅब उघडला.

“दर्शनाताई, हे विचित्र आहे, पण सांगते. तुमच्या वडिलांनी ज्या सूचनेला विरोध केला होता, तिचा सगळ्यात चांगला पुरावा त्यांच्याच घराने दिलाय. अठ्ठ्याहत्तरवरून एकतीस. घरात बाहेरचं एकही माणूस नाही. असा स्वच्छ आलेख मी आजवर पाहिलेला नाही.”

दर्शनाने पडद्याकडे पाहिलं. उतरत गेलेली रेघ सुंदर होती. त्या रेघेत शेवंताकाकूंचे गुडघे कुठेच नव्हते.

“एवढं तुम्ही सचिव म्हणून प्रमाणित करायचं. ‘चौदा दिवसांत घरी आलेल्या बाहेरील व्यक्ती.’ यंत्राने शून्य भरलंय. बरोबर असेल तर सही करा.”

आत हर्षल नळाखाली डबे घासत होता. प्रत्येक घराचा डबा वेगळा ओळखून तो ते ओळीने पालथे घालत होता, परत करायला. दर्शनाला तो आवाज ऐकू येत होता.

तिने सही केली.

अनुदान चालू राहिलं. हर्षल गॅरेजात परत जाऊ लागला. सोनूची आणि त्याची एकदा बाजारात गाठ पडली तेव्हा दोघांनीही रस्ता बदलला. दर्शनाला वाटलं, सुटलो.

पाच महिन्यांनी कक्षाचं परिपत्रक आलं. गर्दीविरामाची सूचना आता सगळ्या जिल्ह्यांत बंधनकारक करायची शिफारस होती. सोबत उदाहरण म्हणून एक आलेख होता. घराचं नाव दिलेलं नव्हतं, पण ती रेघ तिने ओळखली. त्याच आठवड्यात मंडळाच्या सचिवांना येणारा मासिक अहवाल आला. भंडाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी वीटभट्टीवरच्या एका माणसाचा भाऊ मारला गेला होता. सहाव्या दिवशी त्या माणसाने दोघांना कापलं. त्यातली एक बाई होती, तिचा काही संबंध नव्हता. खाली रकाना होता. बाहेरील व्यक्ती : शून्य.

दर्शना ते घर पाहायला गेली नाही. तिला ते दिसत होतं. अंथरलेली आणि कुणी न बसलेली सतरंजी तिने चार दिवस पाहिली होती.

ती नागपुरातल्या कचेरीत साठ्येबाईंसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं.

साठ्येबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमच्या एका घराने काही बदलत नाही हो. ते नुसतं उदाहरण. पुरावा म्हणून आमच्याकडे एकशे बारा घरं आहेत. एकशे सात घरांत कुणी गेलं नाही आणि पारा उतरला. पाच घरांत घात झाला. पाच अपवाद.”

“ते पाच कोण आहेत, मॅडम?”

“म्हणजे?”

“कोण लोकं आहेत? कुठली?”

साठ्येबाईंनी टॅबवर बोट फिरवलं. वीटभट्टीचं कुटुंब, हंगामापुरतं आलेलं. नव्या वसाहतीत दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेली विधवा आणि तिचा मुलगा. दोन भाड्याची घरं. पाचवं एका पोलीस शिपायाचं.

“यांच्याकडे लपून जाणार कोण?” दर्शना म्हणाली. “यांना शेजारच नाही. आणि शिपाई नियम मोडणार नाही. मॅडम, ती एकशे सात घरं माझ्यासारखी आहेत. लबाड.”

“आणि ही पाच?”

“ही तुम्ही सांगितलं तशी वागली.”

साठ्येबाई यादी वरखाली सरकवत राहिल्या, जणू शून्यांमधून कुणी बसलेलं दिसेल.

“हे मला नुसतं सांगून चालणार नाही,” त्या हळू म्हणाल्या. “लेखी दुरुस्ती लागेल. किमान एका घराची, नावांसकट. ती आली तर मी पडताळणी मागू शकते. तोवर सूचनाही थांबते, शिफारसही. पण दर्शनाताई, दुरुस्ती भरली की तुमच्या घराचा पारा मागच्या तारखेपासून पुन्हा काढला जातो. माणसं बसली होती, म्हणजे...”

“किती येईल?”

“नव्वदच्या वर. ते आपोआप होतं. ते थांबवणं माझ्या हातात नाही. खरंच नाही.”

“आणि ज्यांची नावं लिहीन त्यांचं?”

“दंड. घरचा पारा वाढेल. कुणाकुणाकडे जास्तही होईल.”

दर्शना दोन दिवस घरोघर फिरली. चाळीस माणसं तिच्याकडे येऊन बसली होती. प्रत्येकाला तिने तेच विचारलं, नाव लिहू का? अकरा जण हो म्हणाले. बाकीच्यांनी कारणं सांगितली, आणि सगळी कारणं खरी होती. एकीने दार उघडलंच नाही.

शेवंताकाकू म्हणाल्या, “माझं लिही म्हटलं असतं. मले काय करतीन? पण माझ्या नावाले नातू लागून हाय. परीक्षा हाय त्याची.” मग आवाज चढला. “अन् तुले कोणी सांगितलं हे करायले? पोरगं वाचलं ना तुझ्या घरचं? आम्ही वाचवलं ना?”

“वाचवलं, काकू.”

“मंग?”

काकूंचं नाव तिने लिहिलं नाही. त्यामुळे त्या अर्जात दारात कोण बसलं होतं, हे शेवटपर्यंत आलंच नाही.

हर्षलला तिने आधी विचारलं होतं. तो सरळ “नाही” म्हणाला होता. “बाबा लोकांसाठी गेले. एका घरातून एक माणूस पुरे.” त्याचं म्हणणं तिला चूक वाटलं नाही. पण अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ज्या माणसाचा पारा काढला त्याचं नाव लागत होतं, आणि ते रिकामं ठेवून अर्ज पुढे सरकत नव्हता.

संध्याकाळी तो जेवत असताना तिने सांगितलं.

“लिहिलं?”

“हो.”

त्याने ताटातला भात संपवला. ताट धुतलं. मग दोन शर्ट आणि टॉवेल पिशवीत भरू लागला.

“कधी येतीन?”

“सकाळी.”

“त्या दिवशी मी गेलो असतो, सोनूकडे,” तो शर्टाची घडी घालत म्हणाला, “तर किती नावं लिहावी लागली असती तुले?”

“एकच.”

“आज किती लिहिली?”

“तुझं धरून बारा.”

“पहा मंग.” त्याने पिशवीची चेन ओढली. “मी कोणाले हात नाही लावला, दीदी. अन् आत मी जाऊन राहिलो.”

बोलण्यासारखं असतं तरी त्याने ऐकून घ्यावं असा हक्क तिला उरला नव्हता.

सकाळी नऊला गाडी आली. दोन शिपाई होते, सौजन्याने वागले, चहाला नको म्हणाले. हर्षल मागे न पाहता बसला. गल्लीतली दारं लोटलेली होती. दोन खिडक्यांतून माणसं दिसत होती, गाडी वळली तशी तीही दिसेनाशी झाली. दुपारपर्यंत आणखी तीन घरांपुढे तीच गाडी थांबली.

या वेळी पहिल्या दिवशी भिंतीवर डबा आला नाही. त्यानंतरही आला नाही.

हर्षलला नेल्याच्या तेविसाव्या दिवशी परिपत्रक निघालं. ‘गर्दीविरामाची सूचना पडताळणी पूर्ण होईपर्यंत सर्व जिल्ह्यांत स्थगित करण्यात येत आहे.’ खाली साठ्येबाईंची सही होती. दर्शनाने ते उभ्यानेच वाचलं. त्या आठवड्यातही कुठेतरी वार झाले असतील आणि कुठल्यातरी घरी माणसं फोन खिशात ठेवून, उघडपणे बसायला गेली असतील. कुणी उठलं असेल, आणि परत बसलं असेल. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, हे तिला कधी कळणार नव्हतं. जे घडलं नाही त्याची बातमी येत नाही.

तिने ते परिपत्रक मंडळाच्या गटावर टाकलं. अर्ध्या तासात, तिच्याकडे येऊन बसलेल्या चाळीसच्या चाळीस जणांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर कुणाचंच आलं नाही.